एकतीस नकोशा मेंढ्या

ओर्तुवेलेच्या डोंगरात कुणी मेंढपाळ मेंढरांवाचून मरत नाही. रोगाने, चोराने किंवा आगीने ज्याचा कळप गेला, त्याला गावातल्या प्रत्येक मेंढपाळाने एक जिवंत मेंढी द्यायची आणि दिलेली परत मागायची नाही. याला पारादुरा म्हणतात. सार्डिनियात सरकार येण्याच्या आधीपासून हा कायदा आहे आणि आजवर तो कुणी मोडलेला नाही. कोणती मेंढी द्यायची, हे त्यात सांगितलेलं नाही.

आन्नेझाला हे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. तोवर तिच्या घरातून मेंढ्या जात आल्या होत्या, आल्या कधीच नव्हत्या.

ऑगस्टच्या नऊ तारखेला मायेस्त्राले वारा सुटला. त्या महिन्यात मुदेजूच्या झुडपांवर चीक चढलेला असतो, नुसता हात लावला तरी बोटं चिकटतात. मस्तकीच्या पानांत तेल असतं आणि एप्रिलपासून पावसाचा पत्ता नसतो. रान पेटायला फार काही लागत नाही, आणि जे लागलं ते काय होतं हे अजून कुणाला कळलेलं नाही. दोन तासांत अख्खा दक्षिणेचा उतार गेला. दगडी कुंपणातल्या चौऱ्याण्णव मेंढ्या गेल्या. त्रेचाळीस वर्षांत एकही दिवस कळप न सोडलेला आन्नेझाचा नवरा रेमुंदू त्या सकाळी दाढ काढायला गावात आला होता.

नंतरचे तीन दिवस तो राखेत हिंडत होता. चौथ्या दिवशी पाठीवर पोतं घेऊन घरी आला. पोत्यात मेंढ्यांच्या गळ्यातल्या त्र्याण्णव घंटा होत्या. चौऱ्याण्णवावी सापडली नाही. पोतं त्याने जिन्याखाली ठेवलं, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून मांडली, म्हणजे खिडकीतला डोंगर पाठीमागे राहील, आणि तिच्यात बसला.

मग तो बसूनच राहिला.

समुद्रापलीकडच्या तोरिनोहून मुलगी दर रविवारी फोन करायची. बोनारिया तिचं नाव. चौथ्या मजल्यावर राहते, नवरा शाळेत शिकवतो.

"बाबा बोलतात का गं काही?"

"बोलतो की. मंगळवारी म्हणाला, 'मीठ.'"

"आई, थट्टा नको."

"थट्टा कसली? कमीच होतं मीठ."

"तुम्ही दोघं इकडे या. खोली रिकामी आहे. आणि लिफ्ट आहे."

"जन्मभर मेंढ्या मोजल्या, लिफ्टमध्ये तो मोजणार काय?" आन्नेझा म्हणाली. पण मुलीने सहा नोव्हेंबरच्या जहाजाची दोन तिकिटं काढली तेव्हा तिने नको म्हटलं नाही. सहा नोव्हेंबरपर्यंत माणूस खुर्चीतून उठला तर ठीक, नाहीतर त्याला खुर्चीसकट न्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं. आणि तो एकदा लिफ्टमध्ये शिरला की पुन्हा डोंगर चढणार नाही, हेही तिला माहीत होतं.

रोज दुपारी भांडी आवरली की ती जळलेल्या उतारावर जायची. वाटेत एका बुचाच्या झाडावर सरकारी पाटी ठोकली होती: जळालेल्या रानात दहा वर्षं चराई बंद. गवताच्या लोभाने मेंढपाळच रान पेटवतात, असं सरकारचं मत होतं. रेमुंदूकडे चौकशीला आलेल्या साहेबाने तसं विचारलंही होतं. रेमुंदूने त्याच्याकडेही भिंतीकडे बघावं तसंच बघितलं, आणि साहेब बिचारा वहीत "सहकार्य केले" असं लिहून गेला.

ती संध्याकाळी येऊन रानाची बातमी सांगायची. विसाव्या दिवशी तिने सांगितलं की मस्तकीच्या काळ्या बुंध्यांना पाऊस नसताना लाल कोंभ फुटलेत. रेमुंदू म्हणाला, "हं." सप्टेंबरात सांगितलं की वरच्या लिदोनेच्या झाडालाही फूट आलीय. "हं." बुचाची झाडं वरून कोळसा दिसतात, पण साल नखाने उकरली तर आत ओलं आहे. "हं." नवरा झाडापेक्षा हट्टी आहे हे धरून आन्नेझाने त्याला चाळीस दिवस दिले होते. ते कधीच उलटून गेले.

ऑक्टोबरात पहिला पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी ती रस्सा ढवळत, त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "आज कासव दिसलं."

मागून आवाज आला, "कुठलं?"

 वळायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. "डाव्या बाजूचं कवच खपलीसारखं उडालेलं. झऱ्यापाशी होतं. मुळ्या खात होतं कसल्यातरी."

"ते जुनं आहे," रेमुंदू म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळचं."

आणि पुन्हा भिंत. एका संध्याकाळी सात शब्द. आन्नेझाने रश्श्यात भलतंच मीठ घातलं आणि कुणी काही बोललं नाही.

सकाळी ती बोबोरेकडे गेली. बोबोरे एक्क्याऐंशी वर्षांचा, गावच्या रीतीभाती त्याच्या तोंडपाठ, आणि ज्या नव्हत्या त्याही तो ठामपणे सांगायचा.

"पारादुरा कधी आहे?" तिने विचारलं.

"तेच तर," बोबोरे म्हणाला. "रेमुंदू मागायला आला नाही. ज्याचं गेलं त्याने दारोदार जायचं, बरोबर एक मित्र न्यायचा. त्याने गप्प राहायचं, बोलायचं मित्राने. तो मागत नाही तोवर आम्ही देणार कसं? ते दान होईल. रेमुंदूला कुणी दान दिलं तर तो त्या माणसाचं तोंड बघेल का?"

"मग तुम्ही काय करताय?"

"वाट बघतोय. अडीच महिने झाले, एकतीस घरांत एकेक मेंढी बाजूला काढून ठेवलीय."

"तो खुर्चीतून उठत नाही हो."

बोबोरेने बराच विचार केला. "खुर्चीसकट आणलात तर चालेल," तो म्हणाला. "पण आला पाहिजे."

आन्नेझा घरी आली आणि तिने खुंटीवरची रेमुंदूची कॉर्डुरॉयची टोपी काढली. एकोणीस वर्षं वापरलेली, आतून डोक्याच्या आकाराची झालेली.

"माझी टोपी," रेमुंदू म्हणाला.

"हो," आन्नेझा म्हणाली आणि बाहेर पडली.

पहिलं घर प्रेदूचं. तिने टोपी त्याच्या टेबलावर मधोमध ठेवली. "हा आलाय," ती म्हणाली. "मी त्याची मित्र आहे. आगीत आमचं सगळं गेलं."

मागायला बाई आलेली गावाने कधी पाहिली नव्हती. प्रेदूने तिच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, मग स्वतःची टोपी काढून मांडीवर घेतली. रीतीप्रमाणे त्याने वाइन ओतली: एक पेला आन्नेझापुढे, एक टोपीपुढे. टोपीचा पेला मित्रालाच प्यावा लागतो, हा नियम त्या दिवशी तयार झाला. एकतीस घरांना चार दिवस का लागले, हे यावरून समजून घ्यावं.

प्रेदू गोठ्यात गेला आणि एक मेंढी घेऊन आला. मेंढी आली ती आडवी आली.

"चालते तशी बरी," प्रेदू जमिनीकडे बघत म्हणाला. "जरा तिरकी, एवढंच."

चाळीस वर्षं धारा काढलेल्या आन्नेझाला एका नजरेत दिसलं: पुढचा खूर जुना सडलेला, कास एका बाजूने दगडासारखी. बाईमाणसाला काय कळतंय, असा हिशेब असावा. ती चांगली दोन शब्द सुनावणार होती. तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात ही मेंढी रेमुंदूच्या नजरेला पडली तर काय होईल, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. नीट न कापलेला, वाईट साळलेला खूर या माणसाला सहन होत नसे. तरुणपणी स्वतःच्या मेहुण्याच्या लग्नात, नव्या कोटात, जेवण सोडून तो दुसऱ्याच्या मेंढीचे खूर साळत बसला होता. चांगल्या मेंढ्या आल्या तर तो मान खाली घालून आभार मानेल आणि भिंतीकडे वळेल. पण हिला बघून तो शिवी देईल. अडीच महिन्यांत त्याने एक शिवी दिली नव्हती.

"छान आहे," आन्नेझा म्हणाली.

प्रेदूचे कान लाल झाले. "वहिनी, बदलून देऊ का?"

"खबरदार."

दुसरं घर ग्रास्सियाचं. ती विधवा, तिच्याच वयाची, स्वतःचा कळप स्वतः राखणारी. तिच्याशी आडपडदा नव्हता.

"तुझ्याकडची सगळ्यात वाईट दे," आन्नेझा म्हणाली.

"वाईट म्हणजे कशी?"

"तुला जिचं तोंड बघवत नाही अशी."

"तोंड बघवत नाही असा नवरा होता, तो वारला," ग्रास्सिया म्हणाली. "आता एक मेंढी आहे. दोरीवरचे कपडे खाते. माझा दिवाणखान्याचा पडदा खाल्ला, आणि पडद्यानंतर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पुढची."

"तीच."

"आन्नेझा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आणि हे बघ, कुणाला सांगू नको."

त्यामुळे दुपारपर्यंत गावभर झालं. एवढ्या आनंदाने पारादुरा ओर्तुवेलेत कधी झाली नव्हती. लोकांनी बाजूला काढलेली मेंढी परत कळपात सोडली आणि मन मोठं करून दुसरी शोधली. एकडोळी आली. दात नसलेली आली. माणूस खाली वाकला की मागून धडक देणारी आली, तिला तिच्या मालकाने लंगडत आणून दिलं. स्वतःच मान वळवून स्वतःचं दूध पिणारी एक होती, तिच्यावर दोघा भावांनी हक्क सांगितला, कारण दोघांनाही ती द्यायची होती.

अडलं ते फक्त चिरिगूकडे. चिरिगूचा कळप चारशेचा, आणि कळपापेक्षा मोठं नाव. त्याने अंगणात आधीच एक मेंढी धुऊन उभी केली होती. कास अशी की आन्नेझाला क्षणभर मोह झाला.

"ही नको," ती म्हणाली.

"माझ्या घरातून खराब मेंढी जाणार नाही, काकू. लोकांनी काहीही द्यावं. मला नाव आहे."

"नाव ठेव तुझ्याकडे. त्या कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून कोण उभी आहे?"

"ती? ती वेडी आहे. तिला वळताच येत नाही. सरळ जाते, भिंत आली की थांबते."

"तीच."

"अहो, दुसऱ्या नंबरची घ्या. बरं, मधली घ्या."

"चिरिगू, मी या टोपीची मित्र आहे. मित्राला कळतं त्याला काय हवंय."

दीड तास घासाघीस झाली आणि सहा पेले. गावाच्या आठवणीत भाव उतरवण्यासाठी देणाऱ्याशी भांडलेली ही पहिलीच. शेवटी तडजोड झाली: वेडी मेंढी आणि वर एक पोतं सातू. सातूबद्दल आन्नेझा काही बोलली नाही.

एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दुपारी, चर्चमधली मिसा झाल्यावर, एकतीस मेंढ्या रेमुंदूच्या अंगणात आणून सोडल्या. देताना गळ्यातली घंटा काढून घ्यायची रीत आहे, त्यामुळे सगळ्या मुक्या गळ्याने उभ्या होत्या, आणि ओरडत होत्या एकतीस सुरांत. मालक कुंपणाबाहेर ओळीने थांबले. आन्नेझा स्वयंपाकघराच्या दारात.

आधी रेमुंदूची मान वळली. मग खुर्ची. मग तो खिडकीशी आला, आणि डोळे चोळून दाराशी आला.

"हे काय आहे?"

"पारादुरा."

तो उंबऱ्याबाहेर आला. प्रेदूच्या मेंढीपाशी गुडघा टेकला, तिचा पाय हातात घेतला, आणि खूर उलटसुलट करून बघत राहिला. आन्नेझाला वाटलं, अंदाज चुकला की काय.

"हे खूर," रेमुंदू सावकाश म्हणाला, "साळलेत कशाने? कुऱ्हाडीने?"

कुंपणाबाहेर प्रेदूने खाली पाहिलं.

"ही प्रेदूची! तीन वर्षं खाटीक घेत नाही हिला! अरे प्रेदू, गाढवा, तुझ्या बापाला खूर साळता येत होते, तुझ्या आजाला येत होते, मग तुझ्याच वेळी काय झालं?" तो उठला आणि पुढच्या मेंढीचा कान धरला. प्रत्येकीच्या कानावर मालकाच्या घराण्याचा काप असतो. तो काप बघून रेमुंदूने मालकाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, आणि दोघांबद्दल आपलं मत सांगितलं. मग तिसरी. मग चौथी. पाऊण तास तो बोलत होता. एकदाही त्याच त्या शिवीवर परत आला नाही. मालक हातात टोप्या घेऊन, आपापलं नाव कधी येतंय याची वाट बघत उभे होते, आणि ज्याचं येई तो शेजाऱ्याकडे अभिमानाने बघे. बोबोरेने छातीवर क्रूस काढला. आन्नेझा कुठल्याही मिसेला इतक्या भक्तिभावाने उभी राहिली नव्हती.

एकतिसावी संपली. रेमुंदू धापा टाकत होता.

"खुरांना लावायचा मोरचूद कुठाय?"

"जिथे असतो तिथे."

"आणि माझी टोपी?"

तिने ती एप्रनच्या खिशातून काढून दिली. तिला वाइनचा वास येत होता. त्याने हुंगली, आन्नेझाकडे एकदा पाहिलं, आणि डोक्यावर ठेवली.

संध्याकाळी त्याने जिन्याखालचं पोतं ओढून काढलं. एकेक घंटा कानाशी हलवायची, मग मेंढीकडे बघायचं, मग नाही म्हणून बाजूला ठेवायची. काळवंडलेल्या पत्र्यातून आवाज तेवढा स्वच्छ येत होता. कळपातल्या घंटा एकमेकींशी जुळाव्या लागतात, नाहीतर रात्री धुक्यात कोण कुठे आहे ते कळत नाही.

"ही रुबियाची," तो एक घंटा पुसत म्हणाला. "फार समजूतदार होती."

आन्नेझाने कंदील जवळ धरला. त्याने ती घंटा पडदा खाणारीच्या गळ्यात बांधली. बांधताना ती त्याची बाही खात होती. त्याने खाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्यापलीकडच्या, न जळलेल्या रानात त्याने कळप सोडला. त्याला कळप म्हणणं धाडसाचं होतं. एकतीस घरच्या एकतीस मेंढ्या, पुढारी कुणी नाही. पाच मिनिटांत त्या एकतीस वाटांनी निघाल्या, प्रत्येक आपापल्या जुन्या घरी. सगळ्या गावाने घरटी एकेक द्यायची हजार वर्षांची रीत पाळली, पण त्या एका जागी राहतील कशा, हा प्रश्न हजार वर्षं ज्याच्या त्याच्यावर सोडलेला होता.

रेमुंदू तीन दिवस डोंगरात होता. तिसऱ्या दिवशी आन्नेझा फडक्यात कडक रोटी आणि सॉसेज बांधून वर गेली. आधी घंटा ऐकू आल्या. मग चिरिगूची वेडी दिसली. ती उतारावरून सरळ येत होती, ना उजवीकडे ना डावीकडे, आणि इतक्या खात्रीने चाललेली बघून बाकीच्या तीस तिच्यामागे निघाल्या होत्या. वळता येत नाही तोच पुढारी होतो, यावर गावात फार चर्चा झाली नाही, कारण निवडणूक जवळ होती.

रेमुंदू जळलेल्या भागात होता, पाटीच्या बराच आत. एका लिदोनेच्या काळ्या खुंटापाशी उकिडवा बसला होता. खुंटाच्या बुडातून हातभर लांबीचे लाल देठ आणि चकचकीत पानं वर आली होती. भोवतीच्या राखेत मुदेजूची नखाएवढी रोपं, मोजता येणार नाहीत इतकी.

"कधी फुटलं हे?"

"सप्टेंबरात. सांगितलं होतं मी."

"मी काय म्हणालो?"

"हं म्हणालास."

ती शेजारी बसली. त्याने रोटी मोडून अर्धी तिला दिली. खाली झऱ्याच्या बाजूला एक तित्तिर ओरडत होता.

"तू निवडल्यास त्या," तो म्हणाला.

"मी कशाला निवडू? लोकांनी दिल्या."

"एकतीस घरं, आणि चुकूनसुद्धा एक चांगली नाही? माणसं इतकी नेमकी नसतात, आन्नेझा."

"चिरिगू देत होता एक चांगली."

"मग?"

"मी भांडले."

तो हसला. हसताना त्याचा गाल दाढ काढली होती त्या बाजूला आत गेला, आणि हसू तिथेच थांबलं.

"एक दिवस थांबली असती ती," तो म्हणाला. "दाढ."

आन्नेझाने हातातली रोटी खाली ठेवली. "मीच म्हटलं होतं जा म्हणून. तू नको म्हणत होतास. मी म्हटलं, रात्रभर कण्हतोस, मला झोप नाही, जा एकदाचा."

"म्हणाली होतीस खरी."

"तू गेला नसतास तर कुंपणातच असतास. तू कुंपण उघडल्याशिवाय बाहेर पडला नसतास, मेंढ्यांबरोबरच गेला असतास."

 बोट पुढे करून रेमुंदूने लिदोनेच्या एका पानावरची राख पुसली, मग दुसऱ्या पानावरची. मग त्याने तिचा हात घेतला, नुसताच, एखादा खूर बघायला घ्यावा तसा, आणि सोडला नाही.

तसाच बसून तो म्हणाला, "बोनारियाला फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, तिरकीच्या खुराला अजून तीन आठवडे लागतील. त्यानंतर डोळ्याचं बघायचंय एकीच्या. त्यानंतर त्या वितील, तेव्हा कोण थांबणार?"

"ती म्हणेल, लिफ्ट आहे."

"मेंढ्या बसतील का तिच्यात, विचार."

सहा तारखेला जहाज गेलं. रेमुंदू त्या दिवशी प्रेदूच्या अंगणात होता, त्याला खूर साळायला शिकवत होता, आणि आवाज चौकापर्यंत येत होता.

त्या हंगामात एकतीस मेंढ्यांच्या दुधातून चीजचे एकूण अकरा गोळे झाले. त्यातले तीन बिघडले.